तेरा नंबरचं टिंब

१

साहेबांच्या टेबलावर फायली बाजूला सारून ठेवलेला तो पोलादी बार पाहिला आणि मी दारातच थबकले. तसा साधाच बार होता. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, दोन्ही टोकं सपाट कापलेली. पण टेबलावर ठेवायची ही वस्तू नव्हे, आणि आमचे साहेब उगाच वजन उचलणाऱ्यांतले नव्हेत.

"टोकाला बघा," ते म्हणाले.

मी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. पोलादात ठोकलेला नंबर होता, ६०७. त्याच्या शेजारी एक लहानसं वर्तुळ आणि वर्तुळात १३.

"तेरा नंबर," मी म्हणाले.

"तुमचे मास्तर. चोवीस वर्षांपूर्वी रिटायर झालेले. आणि हा माल आपल्याकडे आलाय गेल्या मंगळवारी."

आमचं काम काय ते आधी सांगते, म्हणजे माझा जीव का उडाला ते कळेल. अणुवीज केंद्राला लागणारे व्हॉल्व्ह, पाइप, अगदी नटबोल्टसुद्धा बाहेरचे कारखाने बनवून देतात. ते नीट बनवतात का, हे त्यांच्या दारात जाऊन बघणं हा आमच्या खात्याचा उद्योग. लोकांना वाटतं, अणुवीज म्हणजे पांढरे कोट आणि लुकलुकणारे दिवे. माझी चौतीस वर्षं तेलकट फरशीवर, डोक्यावर हेल्मेट घालून, लोकांची गोड बोलणी ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात गेली. आम्हा प्रत्येक तपासनीसाला एक पोलादी पंच मिळतो, त्याच्या तोंडावर आपला नंबर. जे तपासलं आणि बरोबर निघालं, त्यावर तो पंच धरून हातोडीचा एक घाव घालायचा. तो ठसा म्हणजे आमचा शब्द. त्यानंतर त्या वस्तूला पुन्हा कोणी काही विचारत नाही.

"व्हॉल्व्हच्या स्पिंडलसाठी बारा बार मागवले होते," साहेब सांगू लागले. "अकरांवर चव्वेचाळीस नंबरचा ठसा आहे, यंदाचाच. हा बारावा. आपल्या आवक तपासनीसाच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून सापडला. कारखाना म्हणतो, हा आमच्या जुन्या शिलकीतला, पूर्वीच मान्य झालेला. मान्य माल पुन्हा तपासायचा नाही, हा आपलाच नियम. ठीक आहे, म्हटलं, मग ६०७ ची फाइल दाखवा. तर फाइल गायब."

"हरवली असेल."

"असेल. पण मास्तरांनी तो पंच कुणाला वापरायला दिला असेल, तर त्यांच्या एकाही ठशावर आपण विसंबू शकत नाही. चालू केंद्रात त्यांच्या नंबरचे दोनशे चौदा भाग बसलेत. सगळे संशयात जातील. आणि रिपोर्टात पहिलं नाव कुणाचं येईल, ते तुम्हाला सांगायला नको."

"त्यांना विचारा की सरळ."

साहेबांनी मान हलवली. "काल फोन केला होता. मुलगी म्हणाली, बाबांना आता स्वतःचं नावही आठवत नाही."

माझ्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. साहेबांनी मला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. त्या दिवशी बुधवार होता.

२

मास्तर कधीच शाळेत शिकवायला नव्हते. पण चुकलं की कान उपटल्यासारखं बोलायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मला त्यांनी घडवलं. बाईमाणसाला भट्टीच्या दारात कशाला नेता, असं एकदा कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, "तिला वाचता येतं. तुम्हाला येतं का?" मी मनातल्या मनात तेव्हाच त्यांच्या पाया पडले.

त्यांचा पंच शर्टाच्या आतल्या खिशात असायचा. बायकोनं त्यासाठी फलानेलची छोटी पिशवी शिवून दिली होती. जेवताना, गाडीत डुलकी काढताना, तापात फणफणताना, पंच खिशात. "हा कुणाच्या हातात गेला, की माझा हात तोडून दिल्यासारखं आहे," असं म्हणायचे. ते आठवलं आणि साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना माझे डोळे भरून आले. वय झालं की असं होतं, दुसरं काय.

शिकवण्याची त्यांची पद्धतही न्यारी. पहिल्याच महिन्यात मला कुठल्याशा कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये नेलं. कुठला ते आता आठवत नाही, सगळ्या शेड सारख्याच, पत्रा आणि कबुतरं. भंगाराला तोंडावर लाल रंग फासतात, कोणी चुकून वापरू नये म्हणून. तसा एक तुकडा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "ठसा मारायला शीक. वीस मार." माझे ठसे काही केल्या नीट येईनात. पंच कलता धरला जायचा आणि वर्तुळाची एक कड खोल, दुसरी पुसट. मी रडकुंडीला आले. आणि हो, त्यांच्यासारखं मी ठशाच्या उजवीकडे टिंब मारायला गेले, तर केवढ्यानं ओरडले!

कारण ते टिंब ही मास्तरांची स्वतःची खूण होती. ठसा मारून झाला की अणकुचीदार खिळ्यानं उजव्या बाजूला एक बारीक टिंब. सगळी कागदपत्रं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली असतील, तरच. "ठसा मालाचा, टिंब कागदाचं," ते म्हणायचे. "शिकायच्या ठशाला टिंब नाही." मग अंगठा फिरवून बघायचे. कुठल्याच नियमात हे नव्हतं. त्यांच्यापुरतं होतं.

मी जिन्यात थबकले आणि मागे फिरून साहेबांच्या खोलीत शिरले. न विचारता बार फिरवून उजेडात धरला.

वर्तुळ होतं, तेरा होता. उजवीकडे पोलाद कोरं होतं.

"साहेब," मी म्हणाले, "हा ठसा मास्तरांनी मारलेला नाही."

३

साहेब चांगला माणूस, पण पुराव्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. टिंबाचा नियम कुठे लिहिलाय, असं त्यांनी विचारलंच. मग मी आवक तपासनीसाला फोन लावला. भांडारात तेरा नंबरचे सुटे भाग जेवढे शिल्लक असतील तेवढ्यांवर टिंब आहे का बघ म्हटलं. तासाभरानं त्याचा फोन आला. एकसष्ट भाग. एकसष्ट टिंबं. त्यानं मला प्रत्येकाचा नंबर वाचून दाखवला. मी मध्ये तोडलं असतं तर त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली असती.

"म्हणजे खोटा पंच," साहेब म्हणाले.

"नाही." मी त्यांना वर्तुळातला तिनाचा आकडा दाखवला. मास्तरांच्या पंचातल्या तिनाला खालच्या वळणावर एक टवका उडालेला होता, आणि तो टवका इथेही होता. "पंच खराच आहे. आणि तो पंच आता जगात नाही. मास्तर रिटायर झाले त्या दिवशी मीच तो ग्राइंडरवर धरला होता. ठिणग्या उडाल्या आणि ते तोंड फिरवून उभे राहिले. म्हणजे हा ठसा चोवीस वर्षांहून जुना आहे."

बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, आणि जीभ चावायची वेळ आली. साहेबांनी ते वाक्य शांतपणे पुरं केलं.

"म्हणजे मास्तर नोकरीत असताना त्यांचा पंच दुसऱ्याच्या हातात गेला होता. ताई, तुम्ही त्यांना सोडवायला निघालात आणि आणखी अडकवून बसलात."

४

कारखाना होता तसाच होता. फाटकाजवळचा वजनकाटा, कापणयंत्राचा किरकिराट, गरम तेलाचा वास. त्या वासानं मला एकदम चोवीस वर्षांची केलं आणि गुडघ्यांनी लगेच अठ्ठावन्नची.

मालक म्हणजे मोठ्या मालकांचा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन. "मॅडम, आमची बारावी नळी... सॉरी, बारावा बार तपासणीत नापास झाला. नवीन बनवायला दोन महिने. कॉम्प्युटरवर बघितलं तर जुन्या शिलकीत एक मान्य बार दिसला, त्याच मापाचा, त्याच जातीचा. दिला. ह्यात माझं काय चुकलं?"

"फाइल न बघता दिलात."

"कॉम्प्युटरवर मान्य लिहिलंय ना!"

तो धांदरट होता, पण खोटारडा नव्हता. ठसा पडला तेव्हा तो शाळेत जात असणार. त्याला मी यादीतून काढून टाकलं.

कारखान्यात नंबर ठोकायचं काम ठोकेमामांचं. चाळीस वर्षं पोलादावर आकडे ठोकून त्यांचे कान गेलेत आणि आवाज वाढलाय. पंच हाताळू शकणारा माणूस म्हणून माझा पहिला डोळा त्यांच्यावरच होता.

"मामा, हा ठसा कुणी मारला असेल?" मी कागदावर पेन्सिल घासून उतरवलेली छाप त्यांच्यापुढे धरली.

मामांनी कागद नाकापाशी नेला आणि खो खो हसले. "हा? हा कुणी शिकाऊ माणसाचा! डावीकडं खोल, उजवीकडं काहीच नाही. मी असा मारला असता तर मोठ्या मालकांनी मला हाकललं असतं!"

"मुद्दाम वाईट मारला तर?"

"ताई, चाळीस वर्षांच्या हाताला वाईट मारताच येत नाही. बघा पाहिजे तर." त्यांनी तिथल्या तिथे मुद्दाम वाकडा ठसा मारायचा प्रयत्न केला. तीनदा. तिन्ही सुरेख आले. मामा स्वतःवरच वैतागले.

आता उरले कुलूपकाका. भांडाराचे राजे. पेनाच्या रिफिललासुद्धा कुलूप लावतात, म्हणून हे नाव. मी आले की नेहमी उठून उभे राहतात, आणि मी "बसा हो काका" म्हटलं की बसत नाहीत. भांडाराचं जड दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यांनी खाली एक लोखंडी ठोकळा लावलेला असतो. मी त्याला ठेचकाळले, नेहमीसारखी.

"एवढी वर्षं झाली, हा ठोकळा हलवा की काका."

"चांगला आहे तो," काका म्हणाले, आणि पायानं त्याला आणखी भिंतीशी सरकवलं.

फाइल कुठाय विचारलं, तर म्हणाले, "नाही सापडत, ताई." माझ्याकडे न बघता म्हणाले. जुन्या वह्या मात्र काढून दिल्या. आवक वहीत ६०७ एका शनिवारी आला होता, चौतीस वर्षांपूर्वी. पुढल्या बुधवारी 'मान्य रॅकवर ठेवला'. फाटकाच्या वहीत त्या बुधवारी मास्तरांची नोंद नव्हती. आदल्या सोमवारी होती. त्यांचं नाव, गाडीचा नंबर, आणि 'सोबत १'. ड्रायव्हर असणार, असं म्हणून मी पान उलटलं.

बुधवारी मास्तर कारखान्यात नव्हते आणि त्यांच्या पंचाचा माल मान्य झाला. साहेबांना हवं होतं ते हेच.

मी वह्या मिटल्या. काका कुलपं मोजत उभे होते. या माणसाकडून एवढ्या वर्षांत कागदाचा कपटा हरवला नव्हता. फाइल हरवली नव्हती, ती कुठेतरी ठेवली होती. पण का? मालकासाठी हे गृहस्थ खोटं बोलणार नाहीत, दोघांचं पटतच नाही. स्वतःसाठी तर मुळीच नाही.

"काका, कुणाला वाचवताय?"

काकांचा चेहरा पडला. "घरी जा, ताई," ते म्हणाले. "हे प्रकरण सोडून द्या. तुमच्या पाया पडतो."

५

मी घरी गेले नाही. मास्तरांकडे गेले.

त्यांच्या लेकीनं दार उघडलं. लहानपणी मी हिला चॉकलेट आणायचे, आता हिचे केस माझ्यापेक्षा पांढरे. मला बघून तिला रडू फुटलं. "मावशी, ते लोक बाबांना चोर म्हणणार का गं? त्यांना काही कळणार नाही, पण मला कळेल ना."

"कुणी काही म्हणत नाही," मी म्हणाले. त्या क्षणी ते खरं नव्हतं.

मास्तर खिडकीशी बसले होते. केवढा माणूस, आणि खुर्चीत केवढासा उरला होता. मी नाव सांगितलं, खात्याचं नाव सांगितलं. ते सभ्यपणे हसले, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं. चौतीस वर्षांपूर्वी या माणसाची मला भीती वाटायची, आणि ती भीती परत मिळावी असं मला फार वाटलं.

काय करावं सुचेना म्हणून मी पर्समधली छाप काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. ते वाकून बघू लागले. मग त्यांचा उजवा अंगठा हळूच कागदावर फिरला. त्यांच्या कपाळावर ओळखीची आठी पडली.

"डावीकडे कलतोय," मास्तर म्हणाले. आवाज तोच होता, शेडमधला. "कोपर वर घे, पोरी."

लेक दारातच थांबली.

मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती, पण प्रश्न होता.

"वीस झाले?"

मी "हो" म्हणाले. तोंडातून आपसूक निघालं. तेव्हाही मी हेच म्हणाले होते.

ते समाधानानं मागे टेकले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र फाटकाची वही आली. सोबत एक. त्या सोमवारी मास्तरांच्या सोबत ड्रायव्हर नव्हता. त्या काळी मास्तर गाडी स्वतःच चालवायचे.

६

गुरुवारी सकाळी भांडार उघडायच्या आत मी कारखान्यात होते. काका किल्ल्या घेऊन आले, मला बघून थांबले. दार उघडून झालं आणि त्यांनी सवयीनं ठोकळा खाली लावला, तशी मी खाली बसले. काल त्यांनी पायानं भिंतीशी सरकवलेलं त्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं.

लाल रंग बराचसा उडाला होता. त्यात दाटीवाटीनं वर्तुळं ठोकलेली होती. प्रत्येकात तेरा, प्रत्येकाची डावी कड खोल. एकाशेजारीही टिंब नव्हतं. मी बोट ठेवून मोजली. एकोणीस. विसाव्याला तिथे जागाच उरली नव्हती.

"मास्तरांनी वीस सांगितले होते," मी म्हणाले. "ते तुमच्या मोठ्या मालकांशी बोलायला गेले होते. टेबलावर शेजारी तपासणीची वाट बघत ६०७ पडला होता. वीस म्हणजे वीस, म्हणून मी शेवटचा शेजारच्यावर मारला. रंग लाल नाही, हे बघितलंसुद्धा नाही. आणि ते परत आले तेव्हा वीस झाले म्हणून सांगितलं."

काका किल्ल्या मुठीत आवळून उभे होते. "आणि मी बुधवारी रॅक लावताना ठसा बघितला आणि बार मान्यात टाकला," ते म्हणाले. "टिंब बघितलं नाही. तेव्हा मी नवा होतो, मला टिंब माहीतच नव्हतं."

"फाइल?"

त्यांनी आपल्या डब्याच्या पिशवीतून फाइल काढली. आत पोलादाचं सर्टिफिकेट होतं, मोजमापाचा तक्ता होता. मास्तरांच्या सहीचा तपासणी कागद कोरा होता. हा बार कधीच, कोणीच, तपासला नव्हता.

"परवा फोन आला तेव्हा फाइल उघडली," काका म्हणाले. "कोरा कागद बघितला आणि हा ठोकळा आठवला. त्या दिवशी तुम्ही रडत होता, ताई. मोठ्या मालकांनी तुमच्यासाठी पाणी पाठवलं होतं. ते मीच आणलं होतं." "तीन महिने राहिलेत तुमचे. बार तर सापडलाच आहे, कुठे बसला नाही. आता कुणाचं काही बिघडत नाही. फाइल हरवली तर मला मालक चार शब्द बोलतील. बोलू देत."

मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. ज्या माणसानं आयुष्यात रिफिल इकडची तिकडे केली नाही, त्यानं माझ्यासाठी फाइल डब्याखाली लपवली होती.

आणि खरं सांगते, मोह झाला. घटकाभर त्या दाराशी बसून मी विचार केला. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता. माझी लेक लांबून येणार होती. मास्तरांना तर काहीच कळणार नव्हतं. पण दोनशे चौदा भाग, आणि प्रत्येकापुढे संशय म्हणून लाल रेघ. आणि त्यांची लेक.

संशयितांच्या यादीत मी सगळे घातले होते. मालक, मामा, काका, मनातल्या मनात मास्तरसुद्धा. विसरायची खोड फक्त मास्तरांनाच आहे असं मी समजत होते.

"काका, फाइल द्या," मी म्हणाले. "आणि हा ठोकळाही लागेल. दार दोन दिवस आपटू द्या."

७

शुक्रवारी साहेबांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. ठोकळा त्यांच्या टेबलावर, बार शेजारी. त्यांना सगळं जुळवून दाखवलं. टवका उडालेला तीन, डावी खोल कड, एकोणीस ठसे, फाटकाच्या वहीतलं 'सोबत १', आणि माझ्या रुजू होण्याची तारीख, त्या सोमवारच्या चारच दिवस आधीची. बुधवार हा बार रॅकवर गेल्याचा दिवस होता, ठशाचा नव्हे. मास्तरांची चूक एकच, पाव तासासाठी त्यांनी पंच माझ्या हातात दिला. तीही मी लिहिली. त्यांनीच शिकवलं होतं, अर्धं लिहू नये म्हणून.

"हे 'ठसा मी मारला' वाक्य असंच ठेवायचं?" साहेबांनी विचारलं.

"असंच."

त्याच दुपारी बारची अल्ट्रासॉनिक तपासणी झाली. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती आणि मध्येच तिनं मान वर काढली. तपासणाऱ्यानं पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. आत, मध्यापासून जरा बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी भेग होती. मी खुर्ची शोधून बसले. चौतीस वर्षं ती भेग माझ्या शब्दाखाली झोपली होती.

तेरा नंबरचे दोनशे चौदा भाग संशयातून सुटले. केंद्र दुरुस्तीसाठी थांबेल तेव्हा टिंब एकेक करून बघायचं ठरलं. जुना मान्य माल पुन्हा तपासल्याशिवाय पाठवायचा नाही, हा नियम झाला. टिंबही नियमात घालू का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, नको, नियमात घातलं की सगळेच मारतील.

माझ्यावरची चौकशी नियमाप्रमाणे सुरू झाली आणि चौकशी सुरू असताना पंच जवळ ठेवता येत नाही. माझा एकतीस नंबरचा पंच तीन महिने आधीच जमा झाला. निरोपाचा कार्यक्रम पुढे ढकलला, म्हणजे काय ते मला कळतं. पंच घासायच्या आधी मी साहेबांकडे एकच गोष्ट मागितली. काकांचा ठोकळा घेतला, त्याच्या दुसऱ्या तोंडावर, जिथे लाल रंग अजून शाबूत होता, पंच धरला, कोपर वर घेतलं आणि एक घाव घातला. मग ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या तेव्हा मीही तोंड फिरवलं.

काका ठोकळा परत घ्यायला तयार होईनात. "तो तुमचाच आहे, ताई," म्हणाले. रविवारी मी तो पिशवीत घालून मास्तरांकडे नेला. लेकीला आधी सगळं सांगितलं. ती नुसता माझा हात धरून बसली.

मास्तर खिडकीशीच होते. मी ठोकळा त्यांच्या मांडीवर ठेवला, टॉवेल घालून, थंड लागू नये म्हणून. माझ्याकडे पाहून ते पुन्हा तसंच सभ्य हसले.

"वीस झाले, मास्तर," मी म्हणाले.

त्यांचा अंगठा लाल रंगावरून सरकत वर्तुळापाशी आला आणि कडेकडेनं फिरला. एकदा, दोनदा.

"सरळ आलाय," ते म्हणाले.

मग अंगठा उजवीकडे गेला. तिथे काहीच लागेना, तसा तो मागेपुढे शोधू लागला. कपाळावर आठी पडली.

"टिंब?"

"भंगार आहे, मास्तर. शिकायचा ठसा."

अंगठा थांबला. आठी हळूहळू गेली.

"मग बरोबर आहे," मास्तर म्हणाले.